फीत सैल धरू नये

फीतबाईंना कोणाचंही मूल दिसलं की त्या आधी त्याचा डावा दंड धरायच्या. नाव नंतर, गाव नंतर. अंगठा आणि मधलं बोट यांची कडी करून दंडाभोवती फिरवायच्या, डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि मग "बरं हाय" म्हणून सोडून द्यायच्या. कधी कधी "बरं हाय" म्हणायच्या नाहीत.

मुरबाडच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, दहाव्याच्या घरीसुद्धा हा प्रकार चालायचा. एकदा वैशाखऱ्याहून जीपनं येताना त्यांनी शेजारच्या बाईच्या मांडीवरल्या बाळाचा दंड असाच धरला. ती बाई शहरातली, माळशेजला आलेली, गाडी बंद पडली म्हणून आमच्या जीपमध्ये चढलेली. ती किंचाळलीच. "अहो, काय करताय हे?" फीतबाई शांत. "काय नाय गो, बगते नुस्ती. चांगलं हाय तुजं. तूप घालतेस वाटतं." मी मान वळवून डोंगराकडे बघत बसले. ही बाई आपल्या ओळखीची नाही, असा चेहरा मला तेव्हा छान जमायचा.

ओळख तर चांगलीच होती. फीतबाई डोंगराच्या कडेला असलेल्या एका वाडीतल्या अंगणवाडीच्या सेविका, आणि मी त्यांच्या वरची पर्यवेक्षिका. वीस-बावीस अंगणवाड्या माझ्याकडे, त्यातली ही सगळ्यात लांबची. फाट्यावर जीप सोडायची आणि पुढे ओढा ओलांडून पाऊण तास चालायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, शहापूरची, नोकरीत नवी आणि घाबरट. घाबरट हे माझं मी लावलेलं विशेषण. माझ्या अहवालात साहेबांनी 'कार्यतत्पर' असं लिहिलं होतं.

फीत म्हणजे दंडाचा घेर मोजायची कागदी पट्टी. तिच्यावर तीन रंग आणि टोकाशी एक बाण. हिरवा आला तर मूल ठीक, पिवळा आला तर जपायला हवं, आणि लाल आला तर ताबडतोब तालुक्याच्या दवाखान्यात, आईसकट, चौदा दिवस. बाकीच्या सेविकांच्या फिती कपाटात असत. या बाईंची पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली. वाडीतली पोरं त्यांना फीतबाय म्हणत, आणि त्यांचं खरं नाव बहुधा फक्त माझ्या हजेरीपत्रकावर उरलं होतं.

सरकारी रजिस्टरं अकरा होती, शिवाय मोबाईलमधलं अ‍ॅप. पण बाईंची स्वतःची एक बारावी वही होती, जुन्या कॅलेंडरचा कागद घातलेली. तिच्यात प्रत्येक मुलाला एक पान आणि प्रत्येक पानावर तीन रकाने: खाल्लं, पडलं, शिकलं. मी एकदा उघडून बघितली. 'खाल्लं: भाकर, मीठ. पडलं: चुलीवर, पाय भाजला, कोरफड लावली. शिकलं: अ काढतो, उलटा.' मला हसू आलं. "बाई, हे कुठल्या नमुन्यात भरायचं?" तर म्हणाल्या, "नमुन्यात कशाला? पोर सांजच्याला घरी आलं, तर तेवडंच तं बगायचं. पोटात काय गेलं, अंगाला काय लागलं आन डोक्यात काय शिरलं."

'पडलं' या रकान्यात काय काय असायचं! झाडावरून, बांधावरून, बैलगाडीतून. विंचू, साप, उकळता भात. वाडीच्या खालच्या अंगाला एक विहीर होती, तिला कठडा नव्हता. बाईंनी प्रत्येक घरापासून विहिरीपर्यंतची पावलं मोजून लिहून ठेवली होती. जवळचं घर अठ्ठावीस पावलांवर. त्या घरात रांगतं मूल आलं की बाईंची झोप उडायची. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन देऊन त्या थकल्या, तेव्हा स्वतः कोयता घेऊन गेल्या, करवंदीच्या काटेरी जाळ्या तोडल्या आणि विहिरीभोवती कुंपण घातलं. पाणी भरायला येणाऱ्या बायका ओरडायच्या, लुगडी फाटतात म्हणून. "फाटू दे," बाई म्हणायच्या, "लुगडं शिवता येतं." कठडा बांधून झाला तेव्हा तीन पावसाळे उलटले होते.

सहा वर्षांनंतर मूल अंगणवाडीच्या हिशोबातून सुटतं. बाईंच्या वहीतून सुटत नसे. त्या शाळेत जाऊन दारात उभ्या राहायच्या आणि मोठ्यानं पोरं मोजायच्या. गुरुजी वैतागायचे. "अहो बाई, हजेरी मी घेतो ना!" "तुमी आलेल्यांची घेता, गुरुजी. मी न आलेल्यांची घेते." आणि मग त्या न आलेल्यांच्या घरी. कोणी गुरांमागे, कोणी धाकटी भावंडं सांभाळायला, कोणी आई-बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेलं. वीटभट्टी हा शब्द निघाला की बाई कपाळाला हात लावायच्या. भाताची कापणी झाली, दिवाळी आटोपली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अर्धी वाडी भांड्याकुंड्यांसकट त्यात चढायची. ती परत यायची पावसाच्या तोंडावर. मधले सहा-सात महिने ती पोरं कोणाच्याच मोजणीत नसत. माझ्या अ‍ॅपमध्ये त्यांच्यासाठी एक खूण होती, 'स्थलांतरित'. ती टिचकी मारली की मूल यादीतून जायचं. खोटं कशाला बोलू, मला ती टिचकी आवडायची. एक मूल कमी म्हणजे एक काळजी कमी.

वाडीत पोराचं वजन मोठ्यानं सांगायचं नाही, असा रिवाज. सांगितलं की दृष्ट लागते. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी झोळीच्या काट्यावरचा आकडा खणखणीत वाचला, "सहा किलो आठशे!" त्या मुलाच्या आईनं त्याला ओढूनच घेतलं. पुढच्या महिन्यात निम्म्या आया आल्याच नाहीत. बाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुमचं वजन मी उद्या बाजारात वरडून सांगू का?" त्यांची पद्धत साधी होती. मूल चांगलं असेल तर चारचौघांत "बरं हाय". नसेल तर तिथं एक अक्षर नाही. दुपारी त्या घरी जायच्या, चुलीपाशी बसायच्या, आणि मग काय ते आईच्या कानात. पण "बरं हाय" त्या खोटं कधी म्हणत नसत, कोणी कितीही तोंडाकडे बघत बसलं तरी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

कमळी नावाची एक पोरगेली बाई होती वाडीत, आणि तिची दीड वर्षांची मुलगी रोशनी. रोशनी किरकिरी, पाय काड्यांसारखे, डोळे मात्र मोठाले. भादव्यात तिला ताप येऊन गेला होता आणि त्यानंतर ती वहीत रोज दिसायची. 'खाल्लं: दोन घास. खाल्लं: पेज. खाल्लं: नाय.' दिवाळीनंतरच्या वजनाच्या दिवशी मी मुद्दाम वाडीवर गेले. मुद्दाम म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी तालुक्याला आढावा बैठक होती. ज्याच्या बीटात, म्हणजे हाताखालच्या अंगणवाड्यांत, लाल मूल निघेल त्यानं भर सभेत उभं राहून कारण सांगायचं. मागच्या बैठकीत मी उभी राहिले होते आणि माझा आवाज फुटला नव्हता. सगळे मान खाली घालून हसले होते. परत ते नको, एवढीच माझी इच्छा होती.

रोशनीला झोळीत घातलं. नियम असा की अंगावरचं सगळं काढून वजन करायचं. पण तिच्या करगोट्याला एक कापडी पुरचुंडी बांधलेली होती, लिंबाएवढी. कमळीनं त्यावर हात ठेवला. "ताईत हाय. काढायचा नाय." अशा ताइतांना वाडीत कोणी हात लावत नसे, बाईसुद्धा नाही. काटा स्थिर झाला. मागच्या महिन्यापेक्षा चक्क चारशे ग्रॅम जास्त! मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. आता मला रिवाज कळत होता, तेव्हा मोठ्यानं काही बोलले नाही. पण बाईंकडे बघून हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रोशनीचा दंड चिमटीत धरला, डोळे मिटले. मग फीत काढली. खांद्यापासून कोपरापर्यंत मोजून मधोमध खूण केली, फीत गुंडाळली आणि मला दाखवली. बाण लाल आणि पिवळ्याच्या रेघेवर होता. नीट बघितलं तर लालात.

"मॅडम, काटा काय तरी वेगळंच सांगतो. तापातनं उठलेलं पोर म्हयन्यात चारशे ग्रॅम नाय चढत. दंड बगा ना हिचा."

"बाई, वजन वाढलंय. डोळ्यांनी बघितलं आपण."

"मला तीन दिवस द्या. मी हिला परत बगते, सकाळ-सांजची."

"परवा यांचा ट्रक येणार. आणि उद्या माझी बैठक." माझा आवाज चढला होता. मग मी ते वाक्य बोलले, जे आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. "फीत जरा सैल धरा ना बाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. एखाद्या मुलाच्या दंडाकडे बघावं तसं. मग फीत माझ्या हातात दिली. "तुमी धरा. माजा हात सैल होत नाय."

आणि मी धरली. अगदी केसभर सैल. बाण पिवळ्यात आला. मी अ‍ॅपमध्ये पिवळा भरला आणि कमळीनं रोशनीला झटकन कडेवर घेतलं. तिच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता. माझ्याही असणार. दुसऱ्या दिवशी बैठकीत मला कोणी उभं केलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला, कमळी, तिचा नवरा आणि रोशनी भट्टीवर गेली, आणि मी 'स्थलांतरित'वर टिचकी मारली.

दहा-बारा दिवसांनी बाईंचा फोन आला. वाडीत रेंज नव्हती, फोनसाठी त्या टेकाड चढून गेल्या असणार, कारण धापा ऐकू येत होत्या.

"मॅडम, कमळीचा सासरा पाग घेऊन बसलाय."

पाग म्हणजे नदीत फेकायचं जाळं. मला काही कळेना. "मग?"

"त्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या गेल्यात. जाळं बुडंना, म्हनून म्हातारा शिव्या देतोय. एका अंगाच्या सगळ्या गेल्यात, मॅडम. कोणी तरी सोडून काडल्यात." त्या थांबल्या. "ताइतात व्हत्या त्या."

मी हातातला चहा खाली ठेवला. चारशे ग्रॅम म्हणजे शिसं. म्हणजे पोरीचं वजन वाढलं नव्हतंच. आणि दंड खरं सांगत होता तेव्हा मी फीत सैल धरली होती. त्या रात्री मी भरल्या ताटावरून उठले. आईनं विचारलं, बरं नाही का, तर तिच्यावरच डाफरले.

रविवारी आम्ही दोघी निघालो. पत्ता काय, तर भिवंडीच्या बाजूची भट्टी आणि मुकादमाचं अर्धं नाव. सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याच्या तालुक्यात, कुठलाही आदेश नसताना. वरिष्ठांना कळलं तर काय, या विचारानं मी एसटीत घामेजले होते आणि बाई वही मांडीवर घेऊन रोशनीचं पान उघडून बसल्या होत्या. गेल्या बारा दिवसांचे रकाने त्यांनी आखून ठेवले होते, रिकामे. "हे कोण भरील?" एवढंच म्हणाल्या.

पहिल्या भट्टीवर नव्हती. दुसऱ्या भट्टीवर दारातच हटकलं, कोण तुम्ही, कशाला आलात. मी ततपप करत असताना बाई आत शिरल्यासुद्धा, आणि राखेच्या ढिगाजवळ खेळणाऱ्या पोरांचे दंड धरत सुटल्या. "बाई, ही आपली नाहीत, चला," मी त्यांचा पदर ओढत होते. दुपार कलत होती. "आपली नसली तरी कोणाची तरी हायेत ना?" तिसऱ्या भट्टीवरही तेच. एका पोराचा पाय भाजला होता, त्याच्या आईला काय लावायचं ते सांगत बसल्या. एवढा वेळ त्या परक्या पोराला दिला आणि तेवढ्यात रोशनीला काही झालं तर? असलं घाणेरडं मन झालं होतं माझं त्या दिवशी.

चौथ्या भट्टीवर कमळी सापडली. चिखलात बसून साच्यातून विटा काढत होती. शेजारी तीन बांबूंच्या तिकटीला लुगड्याची झोळी टांगलेली. झोळी हलत नव्हती आणि आतून आवाज येत नव्हता. किरकिरी पोर ती. इतकी शांत कशी?

बाईंनी झोळीत हात घातला आणि डोळे मिटले. तो क्षण मला युगासारखा वाटला. मग त्यांनी श्वास सोडला. रोशनी जिवंत होती. पण अंग सैल, ओठ कोरडे, आणि कमरेला ती पुरचुंडी. फीत लावली. कुठली रेघ आणि कुठलं काय! बाण लालात खोल गेला होता.

बाईंनी आकडा उच्चारला नाही. चार-पाच बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर ताईतही उघडला नाही. कमळीला हाताला धरून विटांच्या थप्पीमागे नेलं. मी मागोमाग.

"शिसं कशाला बांधलंस गो?"

कमळी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बोलली. "लाल झालं का तुमी नेता. माजं पयलं पोर असंच नेलं व्हतं. नेलं ते परत आलं नाय, बाय."

तिचा पहिला मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला, हे मला वहीतून ठाऊक होतं. त्याला दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. पण कमळीच्या हिशोबात उशीर नव्हताच. तिच्या लेखी फीत लाल झाली, गाडी आली, पोर नेलं, पोर मेलं. मग तिनं लालच होऊ दिलं नाही. मला तिचा राग येईना. मीही तेच केलं होतं. तिनं भीतीपोटी शिसं बांधलं, मी भीतीपोटी फीत सैल धरली. तिची भीती तरी पोराच्या जिवाची होती. माझी कसली?

"आता चल," बाई म्हणाल्या.

"नाय."

"मी संगं राहते. तू असशील तवर मी हाय. रात-दिस. पोरीला तुज्या मांडीवरनं कोणी उचलणार नाय."

कमळीचा नवरा आला, मुकादम आला. दोन हात कमी झाले तर विटा कोण पाडणार, म्हणून मुकादम ओरडायला लागला. बाई विटांच्या थप्पीवर बसल्या. "वरड बाबा. मी उठायची नाय. पोर घेऊनच उठीन." आणि खरंच बसून राहिल्या, मांडीवर रोशनी, चमच्यानं तिच्या ओठांना पाणी लावत. मुकादम ओरडून ओरडून दमला. शेवटी कमळीच्या नवऱ्यानंच भट्टीवरचा टेम्पो मागून आणला. पाठीमागे गोधडीही त्यानंच अंथरली.

दवाखान्यात चौदा दिवस सांगितले होते, लागले एकवीस. बाई एकवीस दिवस तिथंच, कमळीच्या खाटेखाली चटई टाकून. पहिले चार दिवस रोशनीचं काही खरं नव्हतं. मी रोज संध्याकाळी जायचे आणि दारातूनच बाईंच्या तोंडाकडे बघायचे. त्या "बरं हाय" म्हणत नसत. पाचव्या दिवशी गेले तर आतून किरकिर ऐकू आली, चांगली कानठळ्या बसवणारी. बाई दारातच भेटल्या. "बरं हाय," म्हणाल्या, आणि मी तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले.

शिशाच्या गोळ्या बाईंनी रुमालात बांधून म्हाताऱ्याला परत नेऊन दिल्या. म्हाताऱ्यानं गुमान पाग शिवला. पुढच्या पावसाळ्यात पहिला मासा बाईंच्या घरी आला म्हणे.

पण या एकवीस दिवसांत वाडीतली अंगणवाडी बंद होती. वरून विचारणा झाली. सेविका विनापरवानगी गैरहजर, पर्यवेक्षिकेनं नोटीस बजावावी. मी नोटीस घेऊन वाडीवर गेले. बाईंनी ती वाचली, पदराला हात पुसले आणि सही केली. "बरोबर लिवलंत. नव्हतेच मी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता फीत सैल धरली तेबी लिवा."

ते मी लिहिलं नाही. अहवालात मी लिहिलं, 'वजन घेताना ताइतामुळे चूक झाली.' ते खोटं नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नाही. बाईंच्या मानधनातून एकवीस दिवस गेले. माझं काहीच गेलं नाही. बाई त्यावर पुन्हा कधी एक शब्द बोलल्या नाहीत, टोमणासुद्धा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

एवढं मात्र झालं की त्यानंतर 'स्थलांतरित'वर टिचकी मारायच्या आधी मी त्या भट्टीचा पत्ता, मुकादमाचं नाव आणि त्या भागातल्या सेविकेचा फोन घ्यायला लागले. बैठकीत उभं करायचे, उभी राहायचे. आवाज फुटायला वेळ लागायचा, पण फुटायचा. पुढे माझं लग्न झालं, मुलगा झाला. बारशाला बाई आल्या, पाळण्यात हात घातला, "बरं हाय" म्हणाल्या आणि मगच नाव विचारलं.

बाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात खंगल्या. पोटाचा आजार होता, मुंबईला जाऊन आल्या, पण मुंबईनं हात टेकले. गेल्या हिवाळ्यात मी मुलाला घेऊन त्यांच्या घरी गेले. पडवीत खाट होती. बोटं कापत होती, तरी त्यांनी आधी मुलाचा दंड धरला. डोळे मिटले. "बरं हाय."

तेवढ्यात कमळी आली, रानातून खणून आणलेले, उकडलेले करांदे घेऊन, आणि तिच्यामागे दुसरीतली रोशनी. दोन वेण्या, गुडघ्यावर ताजं खरचटलेलं. "पडलं: सायकलवरनं," बाई खाटेवरूनच म्हणाल्या. रोशनी हसली. खुंटीला ती जुनी फीत लटकत होती, रंग उडालेली. तिनं उडी मारून ती काढली. "बाय, हात दे बगू."

बाईंनी डावा हात पुढे केला. पोरीनं खांद्यापासून कोपरापर्यंत बोटांनी मोजलं, मधोमध फीत गुंडाळली आणि बाईंनीच शिकवल्यासारखी नीट ओढून घट्ट धरली. मग टाळी वाजवली. "हिरवं हाय गो बाय! कुटं न्यायला नको तुला."

ती फीत पाच वर्षांच्या आतल्या पोरांची. मोठ्या माणसाचा हाडांचा सापळा उरला तरी तिच्यावर हिरवंच दाखवणार. ते रोशनीला माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं. कमळी चुलीकडे वळली, तिलाही बहुतेक कळलं होतं.

"मंग तर झालंच," बाई म्हणाल्या आणि रोशनीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरं करांदे घेऊन अंगणात पळाली.

बाईंची उशी सरकली होती, ती सारखी करायला मी वाकले. त्यांचा दंड समोरच होता. माझा हात आपसूक गेला. अंगठा आणि मधलं बोट यांची कडी केली, फिरवली. बोटं एकमेकांना लागली आणि एकमेकांच्या पुढे गेली. मी डोळे मिटले.

"काय, मॅडम?"

'बरं हाय' हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. कोणीही म्हटलं असतं. आजारी माणसापाशी तेच म्हणतात. मी बाईंकडे बघितलं आणि मला ते म्हणवलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दंड सोडवत नव्हता, आणि मी गप्प राहिले.

बाईंनी दुसऱ्या हातानं माझी बोटं चाचपली. घट्ट आहेत का, ते बघत होत्या.

"शिकलात," म्हणाल्या.